सहा पानांचा खटला

२० सप्टेंबर १९९० रोजी लंडनमधल्या पाच माणसांच्या हातात मॅकडोनाल्ड्स कंपनीच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची कागदपत्रं पडली. पाचही जण ‘लंडन ग्रीनपीस’ नावाच्या एका छोट्या गटात काम करणारे. जगभर गाजलेल्या ग्रीनपीस संघटनेशी या गटाचा संबंध नव्हता. किंग्ज क्रॉसजवळच्या कॅलेडोनियन रोडवर यांची बैठक भरे, आणि तिला मोजकी माणसं येत. अण्वस्त्रं, पर्यावरण, प्राण्यांचे हाल, कामगारांचे पगार असे त्यांचे विषय असत. पत्रकं छापायची आणि रस्त्यावर उभं राहून वाटायची, हीच त्यांची कामाची रीत.

त्यातलंच एक पत्रक सहा पानांचं होतं. १९८६ मध्ये निघालेल्या या पत्रकाच्या मथळ्यातच प्रश्न होता : मॅकडोनाल्ड्समध्ये वाईट काय आहे? लहान मुलांना जाहिरातींनी भुलवून ही कंपनी त्यांच्यामार्फत आईबापांवर दबाव आणते, चरबी-साखर-मिठाने भरलेलं खाणं पौष्टिक म्हणून विकते, कोंबड्या-डुकरांचे हाल करते, कामगारांना तुटपुंजा पगार देते, संघटना उभ्या राहू देत नाही आणि गोमांसासाठी पर्जन्यवनं तोडायला कारणीभूत ठरते, असे आरोप त्यात होते. काही आरोपांना भक्कम आधार होता, काही घाईने केलेले होते. एवढ्या मोठ्या शहरात हे पत्रक फार तर काही हजार लोकांनी वाचलं असेल.

कंपनीने पाच जणांपुढे दोन वाटा ठेवल्या. लेखी माफी मागा, नाही तर हायकोर्टात या. ही पद्धत तिच्या सरावाची होती. त्याआधीच्या काही वर्षांत बीबीसी, चॅनल फोर, गार्डियन अशा बड्या संस्थांनाही तिच्या वकिलांची पत्रं गेली होती. बहुतेकांनी माफी मागून किंवा मजकूर मागे घेऊन प्रकरण मिटवलं. ज्यांच्याकडे पैसा आणि वकिलांची फौज होती, त्यांचा हिशेबही शेवटी हाच निघाला की लढण्यापेक्षा माफी स्वस्त.

हा हिशेब इंग्लंडच्या कायद्यातूनच निघत होता. अब्रुनुकसानीच्या दाव्यात वादीने विधान खोटं आहे हे दाखवायचं नसतं, प्रतिवादीने ते खरं आहे हे सिद्ध करायचं असतं. बदनामीकारक विधान आधी खोटंच धरलं जातं. म्हणजे ब्राझीलमधलं जंगल, अमेरिकेतला कत्तलखाना, आतड्याच्या कर्करोगाचं शास्त्र आणि लंडनमधल्या स्वयंपाकघरातला ताशी पगार, या सगळ्याचे साक्षीपुरावे पत्रक वाटणाऱ्याने उभे करायचे. त्यासाठी सरकारकडून वकीलही मिळणार नाही, कारण १९४९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या मोफत कायदेशीर मदतीच्या योजनेतून अब्रुनुकसानीचे दावे वगळलेले होते.

जानेवारी १९९१ मध्ये पाचांपैकी तिघांनी माफी मागितली. त्यांच्याबद्दल तुच्छतेने लिहिणं मला पटत नाही. हरलं तर घरदार जाणार आणि जिंकलं तरी आयुष्याची काही वर्षं जाणार, हे दिसत असताना माघार घेणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणाला पोचतो? अशा नोटिशींच्या इतिहासातली बहुतेक माणसं या तिघांसारखीच असतात, आणि त्यांचा इतिहास लिहिला जात नाही. माफीनामा फाइलीत जातो आणि प्रकरण संपतं.

दोघं मात्र मागे हटली नाहीत. हेलन स्टील ही पंचविशीतली मुलगी, बागकाम केलेली, पुढे दारूच्या गुत्त्यात पाळ्या करून पोट भरणारी. डेव्ह मॉरिस एके काळचा पोस्टमन, लहानग्या मुलाला एकट्याने वाढवणारा बाप. दोघांच्या मिळकतीची बेरीज कंपनीच्या वकिलांच्या एका दिवसाच्या फीइतकीही भरली नसती. एक तरुण बॅरिस्टर त्यांना फुकट सल्ला देऊ लागला. त्याचं नाव केअर स्टार्मर, २०२४ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला तोच. पण स्टार्मर रोज कोर्टात उभा राहू शकत नव्हता. साक्षी काढणं, उलटतपासणी घेणं, कायद्याच्या मुद्द्यांवर युक्तिवाद करणं हे सगळं या दोघांनाच करायचं होतं.

खटला सुरू होण्याआधीच २८ सुनावण्या झाल्या. त्यातल्या एका निर्णयाने बरंच काही ठरवून टाकलं. अब्रुनुकसानीच्या दाव्यात इंग्लंडमध्ये तेव्हा ज्युरी मागता येत असे. आहार आणि रोग यांचा संबंध सामान्य माणसांच्या ज्युरीला समजण्यापलीकडचा आहे, असं कंपनीने मांडलं आणि कोर्टाने ते मान्य केलं. म्हणजे जे खाणं रोज लाखो सामान्य माणसांना विकलं जात होतं, त्याच्याबद्दलचा निवाडा करायला सामान्य माणसं अपात्र ठरली. न्यायमूर्ती रॉजर बेल यांच्यापुढे, ज्युरीविना, २८ जून १९९४ रोजी स्ट्रँडवरच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये खटला उभा राहिला. तीन-चार आठवड्यांत आटपेल, असं कंपनीच्या बाजूला वाटत होतं. तो ३१३ दिवस चालला. इंग्लंडच्या इतिहासातला हा सगळ्यात लांबलेला खटला ठरला.

एका बाजूला रिचर्ड रॅम्प्टन हे अब्रुनुकसानीच्या कायद्यातले नावाजलेले क्वीन्स कौन्सेल, त्यांचे सहकारी, सॉलिसिटर आणि कंपनीची माणसं. दुसऱ्या बाजूला रात्री जागून पुढच्या साक्षीदाराचे कागद वाचणारी दोन माणसं. रोजच्या कामकाजाचा शब्दन् शब्द टिपून घेण्याचा खर्च कंपनी करत होती आणि सुरुवातीला एक प्रत प्रतिवादींनाही मिळत होती. या दोघांमार्फत ती वार्ताहरांपर्यंत जाते आहे हे लक्षात आल्यावर कंपनीने ती बंद केली. मग देणग्या गोळा करून दोघांनी त्या प्रती मिळवल्या, त्याही उशिराने. अख्ख्या लढाईसाठी त्यांनी जमवलेली रक्कम सुमारे ४० हजार पौंड होती. कंपनीचा खर्च एक कोटी पौंडांच्या घरात गेल्याचा अंदाज तेव्हा सगळीकडे छापला जात होता.

तरीही कोर्टात जे घडत गेलं ते कंपनीला नको होतं. कंपनीने कर्करोगतज्ज्ञ म्हणून डॉ. सिडनी अर्नॉट यांना आणलं होतं. उलटतपासणीत त्यांना एक वाक्य वाचून दाखवण्यात आलं : चरबी, साखर, मीठ, मांसजन्य पदार्थ जास्त आणि तंतू, जीवनसत्त्वं कमी अशा आहाराचा स्तनाच्या व आतड्याच्या कर्करोगाशी आणि हृदयरोगाशी संबंध आहे. यावर तुमचं मत काय? लोकांना सांगण्यासाठी हे अगदी रास्त विधान आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य पत्रकातलंच होतं. वादींचाच तज्ज्ञ पत्रकाच्या बाजूने बोलून गेल्यावर, या वाक्याचा वाचणाऱ्याच्या मनावर काय अर्थ उमटतो यावर वाद सुरू झाला. आमचं खाणं खाल्ल्याने कर्करोग होण्याचा खराखुरा धोका आहे, असा त्याचा अर्थ होतो, हे कंपनीने मान्य करून घेतलं. म्हणजे जे प्रतिवादींनी लिहिलंच नव्हतं, ते सिद्ध करण्याचं ओझंही त्यांच्यावर आलं.

कचऱ्याच्या प्रश्नावर कंपनीच्या खरेदी विभागाचा एक वरिष्ठ अधिकारी साक्षीत म्हणाला की कचरा जमिनीत पुरणं हे एक प्रकारे फायद्याचंच आहे, नाही तर देशभर वाळू-खडीच्या खाणींचे रिकामे खड्डे पडून राहतील. माझ्या मते पत्रकातल्या कुठल्याही ओळीपेक्षा हे उत्तर कंपनीला महागात पडलं. नोटीस पाठवलीच नसती, तर या अधिकाऱ्याला शपथेवर हा प्रश्न विचारायला कुणी गेलं नसतं.

याच खटल्यात हेरांची गोष्ट बाहेर आली. पत्रक कोण लिहितं, कोण वाटतं याचा पुरावा गोळा करायला कंपनीने दोन खाजगी गुप्तहेर संस्थांना काम दिलं होतं, आणि निदान सात हेर कार्यकर्ते बनून बैठकांना बसत होते. काही बैठकांमध्ये खरे कार्यकर्ते आणि हेर सारख्याच संख्येने असत. एका संस्थेच्या हेराला दुसऱ्या संस्थेच्या हेराची ओळख नसे. ही मंडळी पत्रांना उत्तरं लिहीत आणि पत्रकंही वाटत. कंपनीच्याच पैशावर कंपनीची बदनामी चालली होती, असा युक्तिवाद स्टील आणि मॉरिस यांनी केला, आणि तो नुसता शाब्दिक नव्हता. हेरांपैकी एका बाईने पुढे प्रतिवादींच्या बाजूने साक्ष दिली. आपण जे केलं त्याने ती अस्वस्थ होती. कंपनीच्या सुरक्षा विभागाचा प्रमुख पूर्वीचा पोलीस अधिकारी होता, आणि पोलिसांकडून कार्यकर्त्यांची माहिती मिळाल्याचं त्याच्या साक्षीत आलं. त्या जोरावर स्टील आणि मॉरिस यांनी लंडनच्या पोलिसांवर दावा लावला आणि २००० मध्ये पोलिसांनी १० हजार पौंड व खर्च देऊन तो मिटवला.

मधल्या काळात कंपनीकडून समझोत्याचा प्रस्ताव आला होता. अमेरिकेतून वरिष्ठ मंडळी त्यासाठी आली. तुम्ही यापुढे जाहीरपणे आमच्यावर टीका करायची नाही, मित्रमंडळींत खाजगीत बोलायला हरकत नाही, असा त्याचा गाभा होता. मग कंपनीनेही जाहिराती बंद करून आपलं खाणं फक्त मित्रांना खाजगीत सुचवावं, असं उत्तर दोघांनी दिलं. बोलणी फिसकटली.

१६ फेब्रुवारी १९९६ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या मॅकडोनाल्ड्ससमोर स्टील आणि मॉरिस एक लॅपटॉप घेऊन उभे राहिले. तो मोबाइल फोनला जोडून त्यांनी ‘मॅकस्पॉटलाइट’ हे संकेतस्थळ जगासाठी खुलं केलं. अनेक देशांतल्या स्वयंसेवकांनी ते बांधलं होतं. ज्या पत्रकावर खटला चालू होता ते पत्रक, साक्षींची टिपणं, तज्ज्ञांचे अहवाल, सगळं तिथे होतं. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट देऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, आणि ब्रिटनमध्येही घरोघरी ते पोचलेलं नव्हतं. तरी एका गोष्टीचा अंदाज त्या स्वयंसेवकांना नेमका आला होता. या स्थळाच्या प्रती त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या संगणकांवर ठेवल्या. इंग्लंडच्या कोर्टाने एक बंद करायला लावली असती तरी बाकीच्या चालू राहिल्या असत्या. कंपनीने या संकेतस्थळावर दावा लावला नाही. लंडनच्या एका गल्लीत वाटलेल्या पत्रकावर ती सहा वर्षं झगडत होती, आणि तेच पत्रक आता कुठल्याही देशातून वाचता येत होतं. व्यापारी मालावरच्या ऑनलाइन टीकेची खरी सुरुवात मी इथे धरतो. इंटरनेटमुळे लोकांना नवं धाडस आलं असं म्हणण्यापेक्षा, माफी मागून मजकूर नाहीसा करण्याची कंपन्यांची जुनी सोय त्याने पहिल्यांदा काढून घेतली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्याच १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं. आधी दिल्लीतलं वसंत विहार आणि मग मुंबईत वांद्र्याचा लिंकिंग रोड. गोमांस नसलेला, मटणाचा ‘महाराजा मॅक’ खायला रांगा लागल्या. लंडनच्या कोर्टात तेव्हा शेवटचे युक्तिवाद चालू होते.

१९ जून १९९७ रोजी निकाल लागला. निकालपत्र सुमारे ८०० पानांचं आहे. पर्जन्यवनं, अन्नातून विषबाधा आणि रोगांबद्दलचे आरोप सिद्ध झाले नाहीत, म्हणून दोघांनी ६० हजार पौंड भरपाई द्यावी, असं बेल यांनी ठरवलं. पण त्याच निकालपत्रात त्यांनी हेही नोंदवलं की कंपनी जाहिरातींतून मुलांचा गैरफायदा घेते, आपल्या खाण्याच्या पौष्टिकपणाबद्दल खोटं चित्र उभं करते, काही प्राण्यांच्या क्रूर वागणुकीला दोषास्पदरीत्या जबाबदार आहे आणि कमी पगार देऊन ब्रिटनमधल्या या धंद्यातले पगार खाली ओढते. हरलेल्या दोघांच्या हातात एवढं पडलं. दोनच दिवसांनी ब्रिटनभर कंपनीच्या शेकडो दुकानांबाहेर तेच पत्रक पुन्हा वाटलं गेलं. मनाई हुकूम मागायला कंपनी गेली नाही, आणि भरपाई वसूल करायलाही कधी गेली नाही.

दोघं अपिलात गेली, तेही स्वतःच. ३१ मार्च १९९९ च्या निकालाने भरपाई ४० हजार पौंडांवर आली. हे खाणं भरपूर खाणाऱ्याचा आहार चरबीयुक्त होऊन हृदयरोगाचा खरा धोका संभवतो, हे म्हणणंही आता रास्त ठरलं. बहुराष्ट्रीय कंपनीला सरकारी संस्थेसारखंच टीका सोसावी लागली पाहिजे, तिला अब्रुनुकसानीचा दावा लावताच येऊ नये, हा त्यांचा मूळ मुद्दा मात्र इंग्लंडमध्ये कुणी मान्य केला नाही.

मग प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं, ब्रिटिश सरकारच्या विरोधात. १५ फेब्रुवारी २००५ रोजी तिथल्या न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. इतक्या गुंतागुंतीच्या खटल्यात प्रतिवादींना वकील न देता लढायला लावणं हा न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग आहे, आणि अशा विषमतेतून भरपाई लादणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाही भंग आहे. कंपनीला अब्रूचा दावा लावता येऊ नये, असं स्ट्रासबर्गनेही म्हटलं नाही. एवढी सत्ता हातात असणाऱ्याला दावा लावू द्यायचा, तर समोरच्यालाही लढण्याची खरी संधी द्या, एवढंच ते म्हणालं. ब्रिटिश सरकारला दोघांना भरपाई द्यावी लागली. २०१३ मध्ये इंग्लंडचा अब्रुनुकसानीचा कायदा बदलला, तेव्हा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने आपलं गंभीर आर्थिक नुकसान झालं किंवा होण्याचा संभव आहे हे दाखवल्याशिवाय दावा टिकणार नाही, अशी अट त्यात आली.

या इतिहासातला सगळ्यात जड भाग याच सुमाराला बाहेर आला. लंडन ग्रीनपीसमध्ये कंपनीच्या हेरांच्याही आधीपासून पोलिसांचे हेर बसलेले होते. १९८० च्या दशकात ‘बॉब रॉबिन्सन’ या नावाने वावरणारा कार्यकर्ता म्हणजे पोलीस अधिकारी बॉब लँबर्ट होता, हे २०११ मध्ये उघड झालं. ज्या पत्रकावरून हा खटला उभा राहिला, त्याच्या लेखनात त्याचाही हात होता, हे २०१३ मध्ये कळलं. हेलन स्टीलचा त्या काळातला जोडीदारही पोलीस निघाला. ‘जॉन बार्कर’ हे नाव त्याने लहानपणीच वारलेल्या एका मुलाकडून उचललं होतं. १९९२ मध्ये तो अचानक निघून गेला. स्टील त्याला वर्षानुवर्षं शोधत राहिली आणि एकीकडे हा खटला लढत राहिली. २०१५ मध्ये लंडन पोलिसांनी तिची आणि अशाच फसवल्या गेलेल्या इतर स्त्रियांची जाहीर माफी मागितली. ३१३ दिवस चाललेल्या खटल्यात न्यायमूर्तींना यातलं काहीच सांगण्यात आलं नव्हतं. पत्रक कुणी लिहिलं, हा त्या खटल्यातला एक मुद्दा होता आणि त्याच्या उत्तराचा एक भाग सरकारच्या दप्तरात होता.

आपला दिवाणी अब्रुनुकसानीचा कायदा इंग्लंडच्याच न्यायतत्त्वांवर उभा आहे, म्हणून ही गोष्ट मला परकी वाटत नाही. पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेवर शंका घेणारा एक व्हिडिओ सप्टेंबर २०१८ मध्ये यूट्यूबवर आला. मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये न्यायमूर्ती काथावाला यांनी तो हटवायचा आदेश दिला. समाजमाध्यमांवर मोठा प्रेक्षकवर्ग असणाऱ्याने सामान्य माणसापेक्षा अधिक जबाबदारीने बोललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने काही बदलांसह व्हिडिओ दाखवायला मुभा दिली. टीकाकाराची चाचणी कच्ची असू शकते आणि मालाची नाहक बदनामी झाली तर कंपनीलाही दाद मागता आली पाहिजे, हे मला मान्य आहे. पण त्या प्रकरणाचं निदान कोर्टात वजन झालं.

एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक छोटा व्हिडिओ केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या मॉन्डलीझ इंडियाची कायदेशीर नोटीस आली. कोर्टकचेरी करण्याइतकी ताकद नसल्याने त्यांनी व्हिडिओ काढला आणि जाहीर माफी मागितली. तोवर तो लाखो लोकांनी पाहिला होता आणि इतरांनी उतरवून घेतला होता. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीला नोटीस पाठवली. वर्षाअखेरीस बोर्नव्हिटातली वरून घातलेली साखर दर १०० ग्रॅमला ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आली, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना अशी पेयं ‘आरोग्य पेय’ या गटातून काढायला सांगितलं.

नोटिशीने माफी मिळाली, पण साखरेचा आकडा लपला नाही. १९९१ मधल्या त्या तिघांच्या माफीपेक्षा परिस्थिती एवढी तरी बदलली आहे. पण आपल्याकडे आजही कंपनीला आर्थिक नुकसान दाखवल्याशिवाय नोटीस पाठवता येते, दावा लावता येतो, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलेल्या फौजदारी बदनामीच्या कलमाची भीतीही दाखवता येते. ब्रिटनने २०१३ मध्ये घातलेली अट आपल्या संसदेने घालावी, आणि अशा दाव्यात सापडलेल्या नागरिकाला सरकारी खर्चाने वकील मिळावा. स्टील आणि मॉरिस यांचा वकिलाचा हक्क मान्य व्हायला जवळपास पंधरा वर्षं लागली, आणि तो मान्य झाला तोही खटला संपून गेल्यावर.